तांब्याच्या परातीतली लाली

आमच्या घरात आरसा होता, पण तो ट्रंकेत होता. ट्रंकेला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. ताई गेली त्या आठवड्यात आईने तो भिंतीवरून उतरवला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि तळाशी ठेवून दिला. पुन्हा लावायचं नाव कोणी काढलं नाही. वडिलांची दाढी न्हावी करायचा, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते माझं. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःचं तोंड बघता येऊ नये, ही शिक्षाच म्हणायची.

ताईला काय झालं होतं ते आमच्याकडे कोणी बोलत नसे. बाहेर सांगायचं विषमज्वर. घरात नुसतं 'तो आजार'. क्षय हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नळावर, एक शेजारीण दुसरीच्या कानात सांगत होती तेव्हा, आणि मला बघून दोघी गप्प झाल्या म्हणून तो माझ्या कायमचा लक्षात राहिला.

त्या आजाराची एक रीत असते. दुपार कलली की अंगात बारीक ताप चढतो आणि गालांवर रंग येतो. ताईच्या गालांवर तो पहिल्यांदा आला तेव्हा आई हरखून गेली होती. पोर खोकून खोकून पांढरीफटक पडलेली, आणि आता एकदम गाल असे तुकतुकीत! "अहो, बघा तरी, कशी लाली आली पोरीला," म्हणून तिने वडिलांना हातातलं काम टाकायला लावून बोलावलं. शेजारणींना दाखवलं. देवापुढे साखर ठेवली. ती साखर मीसुद्धा खाल्ली. पुढे ती लाली कसली होती हे वैद्यांनी सांगितलं. त्यानंतर कुणाचे लाल गाल बघितले की तिची नजर तिथून हलत नसे. रस्त्यात भाजीवालीचं उन्हाने तापलेलं तोंड दिसलं तरी ती थबकायची.

मी आणि ताई एकाच गोधडीत झोपायचो. हे मला रोज आठवायचं, आणि आईलाही आठवत असणार. दुपार झाली की मी माजघरात जाऊन स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची. कपाळ गार लागलं तर वाटायचं, हातालाच ताप असेल म्हणून कळत नसेल. मग गळ्याला. मग पोटाला. गालांवर रंग आलाय का ते बघायला आरसा नव्हता, आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. आईला विचारलं असतं तर ती तिथल्या तिथे कोसळली असती. खरं सांगते, त्या वर्षी मी मरायला जितकी भ्यायले तितकी पुढे बाळंतपणांतही भ्यायले नाही.

त्यात पावसाळ्याच्या अखेरीस मला हिवताप आला. तो गेला, पण तोंडावरचं सगळं रक्त घेऊन गेला. आणि नेमकं तेव्हाच आत्याने स्थळ आणलं.

आत्या आमच्याच आळीत, चार घरं सोडून राहायची. आमची आळी तांबटांची. सकाळी हातोड्या सुरू झाल्या की दिवेलागणीपर्यंत ठणठणाट, त्यामुळे आम्ही सगळेच जरा मोठ्याने बोलतो, पण आत्या अंमळ जास्तच. स्थळ चांदवडचं होतं. भांड्यांचं दुकान, मुलगा एकुलता. आईची पाठ वळलेली बघून आत्या मला म्हणाली, "हे बघ, तुझ्या तोंडावर रक्त नाही. ते लोक आधी थोरलीचं विचारतील, मग तुझ्याकडे बघतील आणि दोन्हीचा मेळ घालतील. एकदा का चांदवडला बोभाटा झाला की नाशकात तुला कोणी दारात उभं करणार नाही. थोडी लाली लावू या. वहिनीला काही बोलू नकोस."

मी हो म्हटलं. एक तर आत्याला नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. दुसरं असं की, रंग लावला की खाली खरा रंग असला तरी लपेल, असंही माझ्या मनात होतं.

बांगड्या भरायला येणारी मण्यारीण आत्याकडे बसायची. मुसलमान होती, उंचनिंच, आणि बोलायला फटकळ. बांगड्यांच्या पेटीखाली तिचा दुसरा संसार असे. रिबिनी, मेणाच्या डब्या, टिकल्या, आणि कोणी हळूच विचारलं तर लाली. तिने माझा हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तीन पट्टे ओढले. पहिला मुंबईहून आलेल्या गुलाबी पुडीचा. दुसरा लाल कागद ओला करून घासलेला. तिसरा एका चपट्या डबीतल्या तेलकट लालीचा, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

"गुलाबी घे," आत्या म्हणाली. "घरंदाज दिसते."

"काय की बाई," मण्यारीण म्हणाली. "पोरीचा रंग गव्हाळ हाय, त्यात तापानं पिवळा पडलाय. त्याच्यावर गुलाबी म्हंजे राख फासल्यावानी दिसंल. आन् कागदाचा लाल तमाशातल्या बायांना सोभतो. हिला डाळिंबीच पायजे. लय नको, बोटाच्या टोकावर येईल एवढीच."

दोघी माझ्या मनगटावरून भांडत होत्या आणि मी तिन्ही पट्ट्यांत एकच गोष्ट शोधत होते. यातला ताईच्या गालांसारखा कुठला? गुलाबी. हुबेहूब. डोळ्यांखालच्या हाडावर, रुपयाएवढा गोल, असाच तो रोज दुपारी उमटायचा. "मला डाळिंबी," मी म्हटलं. आत्याला वाटलं पोरीला पारख आहे. मण्यारणीला वाटलं तिचं ऐकलं. लाली निवडायची म्हणजे बायका काय काय विचार करतात! लुगड्याला साजेल का, वयाला शोभेल का, लोक नटवी म्हणतील का. मी मेलेल्या बहिणीसारखी दिसणार नाही एवढंच बघितलं.

मी अजून एक ठरवलं. हाडावर लावायचीच नाही, खाली गालाच्या मांसल भागावर लावायची आणि कानाकडे पसरवायची. सगळं कसं नीट योजून ठेवलं होतं.

पाहुणे दुपारीच आले, तिसऱ्या प्रहरी. आई चुलीशी शिऱ्याला बसली होती. आत्याने मला मागच्या अंधाऱ्या खोलीत लुगडं नेसवलं, अंबाडा घातला आणि डबी हातात दिली. आत्याची नजर अधू, तिच्या सुईत दोरासुद्धा मीच ओवायची. तेव्हा लाली मलाच लावायची होती, आणि आरसा ट्रंकेत. खोलीत वडिलांनी चिंचेने घासून ठेवलेली एक नवी परात होती. तांब्याची, सपाट, नक्षीचा अजून एकही ठोका न पडलेली. झरोक्याच्या उजेडात तिरपी धरली तर तोंड स्वच्छ दिसायचं. मी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि बोटाच्या टोकावर लाली घेतली.

लावली, पण दिसेना. परातीतलं माझं तोंड आधी होतं तसंच, छान तांबूस. आणखी घेतली. तरी फरक कळेना. मला वाटलं तापाने कातडीच मेली आहे, रंग धरत नाही. भीतीने घाईघाईत बोट फिरवलं, त्यामुळे रंग खाली लावायचा तो वर सरकला, हाडावर गेला. पुन्हा लावली. तांबटाच्या घरात जन्मले, तांबं घासून घासून बोटं काळी झाली, आणि तांब्यात सगळंच तांबडं दिसतं एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. भ्यायलेल्या माणसाचं डोकं चालत नाही हेच खरं.

चुलीपाशी धूर होता. आईने मान वर न करता शिऱ्याच्या ताटल्यांचं तबक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पाय सांभाळ." मी बाहेर ओसरीवर आले. रस्त्याचं ऊन थेट आत येत होतं.

वडील, मुलाचे काका, मुलगा आणि मुलाची आई. काका नुकतंच विचारत होते, "थोरली कशानं गेली म्हणालात?" आणि वडील सांगत होते, "विषमज्वर. थोड्याच दिवसांत आटोपलं." मी तबक खाली ठेवलं, नमस्कार केला आणि बसले. मुलाची आई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "छान आहे हो मुलगी. गालांवर कशी लाली आहे."

आत भांडं पडल्याचा आवाज आला.

आई दारात येऊन उभी राहिली. पाहुण्यांसमोर ती कधी येत नसे. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं तोंड असं काही झालं की ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ती सगळ्यांमधून चालत आली, माझी हनुवटी धरली, कपाळाला हात लावला, मग गळ्याला. सगळ्यांच्या देखत.

"कधीपासून?" तिने विचारलं. "दुपारचा कधीपासून येतो गं? मला का नाही सांगितलंस?"

"अगं, आत जा," वडील म्हणाले.

"अहो, तिचंही असंच झालं होतं! असंच! मी साखर ठेवली होती देवापुढे!"

आत्या धावत आली. "वहिनी, रंग आहे तो. मीच लावायला सांगितला. लाली आहे, डबीतली!"

आईचा विश्वास बसला नाही. आजवर सगळेच तिची काही ना काही समजूत घालत आले होते. तिने पाहुण्यांसमोरच्या तांब्यात पदर बुडवला आणि माझा गाल पुसायला लागली. पदरावर डाळिंबी डाग आला. तिने तो डाग डोळ्यांजवळ नेला, पुन्हा गाल पुसला, पुन्हा बघितला. "निघतोय," ती म्हणाली. "निघतोय गं, निघतोय." आणि पुसतच राहिली, दुसरा गाल, पुन्हा पहिला. मला लागत होतं, पण मी हूं की चूं केलं नाही, कारण मलाही तो पूर्ण निघालेला हवा होता.

मुलाच्या आईने पदर नाकाला लावला आणि हळूच मागे सरकून बसली. तिला सगळं कळलं होतं. शिऱ्याला कोणी हात लावला नाही. "कळवतो," काका चपला घालताना म्हणाले. वडील त्यांना आळीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेले आणि परत आले ते थेट भट्टीपाशी जाऊन बसले. चांदवडचं स्थळ तिथेच संपलं.

पण आमचं दोघींचं संपलं नव्हतं. लाली सगळी निघाली होती, पदरावर आता नुसतं पाणी येत होतं, आणि आई अजून माझ्या गालांकडे टक लावून बघत होती. "अजून लाल आहे," ती म्हणाली.

"वहिनी, घासून घासून झालंय ते," आत्या रडवेल्या आवाजात म्हणाली.

आई माझ्यासमोर जमिनीवर बसली. मी पण बसून राहिले. गालांची आग होत होती. ही आग घासल्याची की आतली, ते मला कळत नव्हतं, आणि समोरच्या तिच्या डोळ्यांखेरीज बघायला मला दुसरा आरसा नव्हता. ऊन ओसरीवरून उतरलं, पायरीवर गेलं. आळीत हातोड्या चालूच होत्या. आत्याने दोघींना पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. मी आईच्या तोंडाकडे बघत होते आणि ती माझ्या गालांकडे.

दिवेलागणीच्या सुमाराला तिने माझ्या गालावरून अंगठा फिरवला. "फिकी आहेस," ती म्हणाली. "पार फिकी आहेस गं!" आणि मला जवळ ओढून रडायला लागली. फिकी म्हटल्याचा इतका आनंद जगात दुसऱ्या कोणत्या मुलीला झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा भिंतीवर होता. लालीची डबी मात्र तिने आत्याकडून मागून घेतली आणि किल्लीशेजारी कमरेला खोचली. पुढे जेव्हा जेव्हा मला दाखवायचं झालं तेव्हा लाली आईनेच लावली, दारात, उजेडात, बोटाच्या टोकाने. "मी लावली म्हणजे मला ठाऊक असतं, कुठे आणि किती ते," ती म्हणायची. पाहुणे गेले की लगेच पुसायची आणि खाली काही उरलंय का बघायची. ताईचं खरं काय झालं तेही ती आता येणाऱ्यांना आधीच सांगून टाकी. वडील चिडायचे, आत्या कपाळाला हात लावायची, स्थळं परत जायची. पण आईने ऐकलं नाही.

शेवटी सटाण्याच्या लोकांनी होकार दिला. आईचं सगळं सांगून झालं तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमनी पोर बी तशीच गयी, बाई." बैठकीत यापुढे काही विचारायचं राहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आईने मला लाली लावली, नेहमीसारखी डाळिंबी. पाठवणी दुपारची होती. बैलगाडी दारात उभी, सासरची माणसं घाई करत होती, बायका रडत होत्या. आईने पदराचं टोक ओलं केलं आणि सगळ्यांसमोर माझे दोन्ही गाल पुसले. घासले नाहीत, हळूच पुसले. मग हनुवटी धरून माझं तोंड उन्हाकडे केलं आणि बघत उभी राहिली. गाडीवाल्याने हाक दिली तरी ती हलली नाही. कोणाला काही कळेना, पण मला कळत होतं, आणि मी तोंड उन्हातच धरून उभी राहिले.

"जा आता," ती म्हणाली.