उभ्या घोड्याचा नालबंद

दस्तगीर नालबंदाने घोड्याच्या पायांत दोर अडकवला होता आणि तो खेचून जनावर आडवं पाडायच्या बेतात होता. कॅप्टनसाहेबांनी "स्टॉप" म्हणून हात वर केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हा माणूस करतोय तरी काय?"

मुलांनो, दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मी साताऱ्याच्या रिक्रूटिंग ऑफिसात दुभाषी होते. साहेब इंग्रजीत बोलत, खेड्यांतले लोक मराठीत. मधलं सगळं माझ्याकडे. त्या दिवशी 'फॅरिअर'ची ट्रेड टेस्ट होती. फॅरिअर म्हणजे घोड्याखेचरांच्या खुरांना नाल मारणारा. भरतीच्या बोर्डवर त्याचं मराठी 'नालबंद' असं लिहिलं होतं, आणि ते ऐकून दस्तगीर आटपाडीहून आला होता.

तो पिढीजात नालबंद होता, पण बैलांचा. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या, म्हणजे लोखंडाचे दोन चपटे नाल, लागतात. बैलाला दोराने पाडतात, पाय बांधतात आणि मगच खिळे ठोकतात. घोड्याचं तसं नाही. तो उभाच असतो. नालबंद वाकून त्याचा पाय आपल्या गुडघ्यांत धरतो.

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे हा फॅरिअर नाही. घरी पाठवा."

निरोप ऐकून दस्तगीर हलला नाही. त्याच्या गावाकडे चारा संपला होता, लोकांनी बैल विकून टाकले होते. "आवं बाईसाहेब, गावात खूरच ऱ्हायलं न्हाईत," तो म्हणाला. "म्या आता खडी फोडू व्हय?"

मी साहेबांना म्हटलं, की फॅरिअर हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन 'फेरम', म्हणजे लोखंड. मुळात त्यात घोडा नाहीच, बैलही नाही. लोखंडाचं काम तर या माणसाला येतं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लॅटिन मलाही शिकवलंय, बाई. पण आमच्याकडे लाथ शब्द मारत नाही, खेचर मारतं."

आमचे सुभेदार खंडाळ्याकडचे. ते एवढा वेळ मिशीत हसत होते. "काय रं गड्या," ते दस्तगीरला म्हणाले, "लढाईत गोळ्या सुटल्यावर तू आधी खेचर पाडणार, आन् मग नाल मारणार?"

"न्हाई जी. उभ्यानं मारतो."

"कवा मारलाईस का?"

"न्हाई."

साहेबांना हे उत्तर भाषांतर न करताच समजलं असावं. त्यांनी एक पाय करून दाखवायला सांगितलं.

दस्तगीरने दोर सोडवला. सुभेदारांनी घोड्याचं तोंड धरलं आणि कसं उभं राहायचं ते सांगितलं. पहिल्यांदा पाय उचलताच घोड्याने तो हिसडून घेतला आणि दस्तगीर मातीत बसला. दुसऱ्यांदा घोडा सगळ्या अंगाने त्याच्यावर रेलला. दस्तगीरच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण गुडघ्यांतला खूर सुटला नाही. खिळे मात्र त्याने सराईतपणे मारले. एकही वाकडा गेला नाही.

साहेबांनी खूर उचलून पाहिला. फॅरिअर म्हणून घेता येणार नाही, म्हणाले. शिकाऊ म्हणून घेऊ, पगार कमी मिळेल. मी ते मराठीत सांगितलं. दस्तगीरने विचार करायला वेळ घेतला नाही. घरी कळवायचं कसं, एवढंच विचारलं.

पुढची भरती सांगलीत होती. त्या बोर्डवर मी लिहवून घेतलं, 'नालबंद: घोड्याला उभं ठेवून नाल मारणारा.' तिकडे हळदीगुळाच्या गाड्या ओढणारे बैल भरपूर, त्यामुळे नालबंदही भरपूर. तरी टेस्टला दोघेच आले. माणसं कमी का, म्हणून साहेब कुरकुरले.

शब्दाचा अर्थ नेमका लिहिला की रांग लहान होते, हे मला त्या नोकरीत कळलं.