आत्याचा उलटा बगळा

आमची आत्या अग्निशमन दलासाठी शहराच्या चिन्हाचे कापडी बिल्ले भरते. हाताने, रिंगमध्ये कापड ताणून. तीन कमानींचा पूल आणि त्यावर एक बगळा. आधी चिन्हात नुसता पूलच होता म्हणे. मग एकदा मोठा पूर आला. त्याच्या आधी नदीतले सगळे बगळे एकदम उडाले, ते बघून पुलावरच्या चौकीदाराने घंटा बडवली आणि लोक वाचले. तेव्हापासून चिन्हात बगळा आला. तो डावीकडे बघतो, कारण चित्रात नदी डावीकडून येते, म्हणजे पूरही तिकडूनच. आत्याने ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की न पाहिलेला पूर मला आठवतो.

तर एक दिवस दलाचे साहेब नव्या शर्टांचं गाठोडं घेऊन घरी आले. डाव्या बाह्यांवर आत्याचे बिल्ले.

"बाई, आमचा बगळा पळून चाललाय."

सगळे बगळे उजवीकडे, म्हणजे शर्टाच्या पाठीकडे बघत होते! चिन्ह कापडावर उतरवायला भोकं टोचलेला कागद असतो, त्यावर निळीचा बोळा फिरवतात. आत्याने तो कागदच उलटा ठेवला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काका, म्हणजे तिचा नवरा, लगेच म्हणाला, "त्यात काय? उसवून उजव्या बाहीला लावा. पुढेच बघेल."

साहेबांनी शर्ट फिरवून पाहिला. "अरे, खरंच की! मिटलं."

"मिटलं कसलं?" आत्या उसळली. "कुणी विचारलं उजव्या बाहीला का, तर काय सांगाल? बाईला दिसत नाही म्हणून?"



"कधीपासून?" काकाने विचारलं.

"डावा डोळा चांगला आहे. उजव्याने जरा धुकं दिसतं."

"आणि काल माझी मिशी वाकडी दिसली ती?"

"ती धुक्यातही दिसते."

साहेबांना हसू आवरेना. आत्या मात्र शर्टाची बाही मुठीत धरून बसली. "आता काम मशीनवाल्याला देणार ना?"

"त्याचा बगळा पाहिलाय मी. बदक आहे ते," साहेब म्हणाले. "डोळ्याचं उरकून घ्या. तोवर जुन्या शर्टात आग विझवतो."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी आत्याने कपाटातून एक जुना बिल्ला काढला, स्वतःचा सगळ्यात भारी म्हणून जपलेला, आणि खिडकीशी धरला.

"शी! ही चोच कुणी भरली?"

"तूच," काका म्हणाला.

तिने कात्री मागितली.