एक सेफ्टीला

एकदा केलेलं काम झालं, असं मानायला मुळीच तयार नसलेला एकच माणूस या भूतलावर आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ आहे. कुलूप लावून जिना उतरला की परत वर जाऊन पुन्हा लावतो. चहा आवडला तर दुसरा मागवतो, नाही आवडला तरी मागवतो. स्वतःच्या लग्नात बायकोच्या गळ्यात घातलेला हार त्याने काढला आणि पुन्हा घातला. भंतेजींनी डोळे वटारले तेव्हा म्हणाला, "मस्तच झालं होतं, फक्त एक सेफ्टीला." हा त्याच्या धंद्यातला शब्द. गाणं छान रेकॉर्ड झालं तरी हाताशी असावं म्हणून आणखी एकदा गाऊन घेतात, ते सेफ्टीला. इतर लोक एकदाच घेतात. आमचे मेहुणे समोरच्याचा घसा बसेपर्यंत घेतात.

तो कॉम्प्युटरवर संगीत बनवतो. एवढं संगीत करून घरात साधी पेटी नाही, हे माझ्या सासूबाईंचं कायमचं दुःख. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जीन्सच्या निळ्या चिंध्यांची पोती लावलेली, आणि पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. आत गेलेला माणूस घामाघूम आणि किंचित निळा होऊन बाहेर येतो. खालच्या शिलाई मशीनची खडखड मात्र त्याने मुद्दाम माइक लावून घेतली आणि तिचाच ताल केला. अल्बम काढायचं ठरवलं तेव्हा त्याला प्रत्येक गाण्यात वेगळा गळा हवा होता, तोही आसपासचाच. शेजारच्या पापडवाल्या सिंधी आंटी त्यांच्याकडे लग्नात गातात तो लाडा गायला आल्या. चौथ्या की पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "बेटा, पहिलावाला ठीक होता ना! मी दमली रे." बदलापूरकडच्या एका गावातून लग्नात धवले गाणाऱ्या आजी आल्या. त्यांनी तर पदर खोचला आणि सुनावलं, "आरं, त्या नवरीला आतापावत पोरं झाली आसतील, तुजा गाना कवा सरंल?" त्याने दोघींच्या पाया पडून आणखी एकदा गाऊन घेतलंच.

याच दिवसांत आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. उभ्या आयुष्यात गायन पार्टी गाजवलेला माणूस, जयंतीला त्यांचा आवाज आमच्या बुवापाडा वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा, आणि आता त्यांना साधं "पाणी" म्हणता येईना. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, रोज सराव करा, बोलणं येईल, गाणं म्हटलंत तरी चालेल. पण नातवासमोर बाराखडी म्हणायची अण्णांना लाज वाटे. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ते असेच गप्प राहून संपणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

मेहुणे भेटायला आले. मोसंबी नाही, नारळपाणी नाही. खाटेशेजारी बसून म्हणाले, "अण्णा, शेवटच्या गाण्याला गळा मिळत नाहीये. तुमच्या पार्टीतली ती 'ऊठ माझ्या वस्ती, दारी उजेड आला' ओळ पाहिजे. येता का?" अण्णांनी मान वळवली. बऱ्याच दिवसांनी वळवली.

मग रोज दुपारी रिक्षा करून मी अण्णांना कॅम्प चारला नेऊ लागलो. पहिल्या दिवशी चाल अचूक आली, शब्दांचा मात्र नुसता लगदा. मला रडू आवरेना. मेहुणे कानावरचे हेडफोन सरकवून म्हणाले, "एक नंबर, अण्णा! 'उजेड'मधला 'जे' खाल्लात तेवढा. एक सेफ्टीला." अण्णा असे भडकले की विचारू नका. पण तो राग गवयाचा होता, आजाऱ्याचा नव्हता, आणि त्या रागाच्या भरात ते पुन्हा गायले. एकदा आमची ही भावावर उखडली, "अरे, आजारी आहेत ते!" तो म्हणाला, "आजारी तुमच्या घरी, ताई. इथे ते सिंगर आहेत."

अल्बम आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे अण्णांच्या खाटेभोवती बसलो आणि मेहुण्यांनी तो फोनवर लावला. शेवटचं गाणं सुरू झालं. मेहुण्यांनी सुरुवातीला पहिल्या दिवसाचाच आवाज ठेवला होता, तो लगदा. आता अण्णांना काय वाटेल? पण शिलाई मशीनच्या तालावर तीच ओळ परत आली, आणि 'वस्ती' ऐकू आलं. पुन्हा आली, 'दारी' आलं. त्याने अण्णांचा एकही दिवस टाकून दिला नव्हता. शेवटी सगळा ताल थांबला आणि अण्णा एकटेच गायले, "दारी उजेड आला." 'जे'सकट.

मेहुणे डोळे पुसत फोन बंद करायला गेले, तर अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. शब्द अजून एकेक करूनच येतात त्यांचे. म्हणाले, "मस्त… एक… सेफ्टीला."

तो निघाला तेव्हा दारात मी त्याचे आभार मानायला गेलो, तर माझीच वाचा बसली. नुसताच त्याचा हात धरून उभा राहिलो. तो म्हणाला, "राहू द्या दाजी, पोचलं." या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच एका फटक्यात काहीतरी मंजूर केलं. माझं मात्र समाधान झालेलं नाही, म्हणून आज हे लिहून पुन्हा एकदा त्याचे आभार मानतो आहे.