चोवीस आठवड्यांच्या आत

गावच्या गुरुजींमुळे मी शिकलो. अनसिंगजवळच्या आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. दहावीच्या वर्षी त्यांनी मला घरी ठेवून घेतले, आपल्या पंगतीत जेवू घातले. त्याच गुरुजींचे न ऐकण्याची वेळ आणणारे प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

मी तेव्हा ठाणेदार होतो. पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना त्यांचा फोन आला.

"त्या डाक्टरीन बाईच्या दवाखान्यात लेकरू मारून राह्यले. पोरगी कुवारी हाय. थांबव तू."

"कोणी सांगितलं, गुरुजी?"

"नाव नाही सांगत. मी शब्द देल्ला."

मी जाऊन पाहिले. दवाखाना गर्भपातासाठी नोंदणीकृत होता. मुलगी एकोणीस वर्षांची. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बळजबरी झाली, एवढंच सांगते. नाव सांगत नाही. तेवीस आठवडे पूर्ण झालेत. चोवीसच्या पुढे मला हात लावता येणार नाही. दोन डॉक्टरांचं मत झालंय, तुमचं पत्र तेवढं द्या."

कायद्याने माझे पत्र लागतच नव्हते. तरी मी म्हणालो, "चौकशी होऊ द्या." मी रोज पंचशील म्हणणारा माणूस. पहिलेच शील जीवहिंसा टाळण्याचे. त्यात गुरुजींचा शब्द. चार दिवस मी स्टेशन डायरीत नोंदी करत काढले. मुलीची आई रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची.

"साहेब, तुमी कागद पाहून राह्यले, तिकडे माह्या पोरीचे दिवस भरून राह्यले."

पाचव्या दिवशी महिला उपनिरीक्षकांसह मी पुन्हा दवाखान्यात गेलो. आईला विचारले, "दवाखान्याचं कोणाला माहीत होतं?"

"कोणालेच नाही. मोठ्या पोरीलेही नाही सांगतलं."

"मग माझ्यापर्यंत खबर कशी आली?"

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "दाजीनं देल्ली असन. त्यालेच सांगतलं होतं मी, का दवाखान्यात चालली, आता माह्या मांगं लागू नको."

मी बाहेर आलो. उपनिरीक्षकांनी जबाब नोंदवला. दाजी म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. त्यांना मूल नव्हते. मुलीने जबाबात सांगितले, "म्हने, लेकरू झालं का तुले लग्नाले नाही म्हनता येनार नाही. दोघी बहिनी एकाच घरात राहसान." बहिणीचा संसार मोडेल म्हणून ती गप्प होती.

आई माझ्यामागे बाहेर आली. "अन् मी त्याले परवा पुरन वाढलं!"

मी गुरुजींना फोन करून फक्त दाजीचे नाव घेतले. ते म्हणाले, "माह्या पायावर पडून रडला रे तो."

गुन्हा दाखल झाला, दाजीला अटक झाली. मुदतीच्या एक दिवस आधी गर्भपात झाला. गर्भाचा नमुना डीएनए तपासणीला गेला, अहवाल दाजीशी जुळला.

खबर देणाऱ्याला काय हवे आहे ते आधी पाहा, असे मी नव्या पोरांना सांगायचो. गुरुजींचा आवाज ऐकून मीच ते विसरलो. त्यांनी नंतर एकच विचारले, "तो नालायक खरा. पन त्या जिवाचा काय गुन्हा?" मग मी त्यांना पत्र लिहिले:

"गुरुजी, सप्रेम जयभीम. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलं नाही. रोज शील म्हणताना मी तिथं अडखळतो. पण मला उत्तर सापडेपर्यंत त्या मुलीला थांबवून ठेवायचा हक्क मला नव्हता. चार दिवस मी तिला थांबवलं. तुमच्यासाठी थांबवलं, म्हणून कबुली तुमच्याजवळच देतो. दिवाळीला येईन. पंगतीत बसवा, नाहीतर ओसरीवर बसेन, पण येईन."