चिंचेखालची वीट

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात चुका फार असतील. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि त्या चौथीतलाही अर्धा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेण्यात गेला. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचा ते मला कधी कळलं नाही, हाताला येईल तसा देते. अक्षराचं तर विचारू नये. नात म्हणते, आजी, हे तू लिहिलं का कोंबडी चालली कागदावरून. तर त्याबद्दल माफी. माफी कोणाची मागते तेही ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. पण आज मन फार हलकं आहे, आणि बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

मी बाजारात भाजी विकते. घरामागच्या तुकड्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, वांगी, कोचईची, म्हणजे अळूची, पानं होतात. पावसाळ्यात माझ्या माहेराहून, पोंभुर्ण्याकडून, भाऊ एसटीत पोतं टाकून देतो. त्यात वास्ते असतात, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि नशीब असलं तर सात्या, जंगलात वारुळावर उगवतात त्या छत्र्या. सात्या विकायला तोंड लागत नाही, लोक वासावर येतात. बाकीच्या मालाला तोंड लागतं आणि ते माझ्याकडे नाही. इतकी वर्षं झाली तरी मला ओरडता येत नाही. माझ्या शेजारी सुक्या मासोळ्या विकणारी बाई बसते, तीच माझंही ओरडते. "मासोळ्या घ्या, वास्ते घ्या, या बाईले बोलता येत नाई, तिचे वास्ते मात्र गोड हायेत." गिऱ्हाईक हसत येतं. मी खाली मान घालून तोलून देते.

आमच्या बाजारात पूर्वी कोणाला नंबर नव्हता. ज्याची त्याची वीट होती. आपल्या जागेवर एक वीट नाहीतर दगड ठेवून जायचं, आठ दिवसांनी यायचं, वीट तिथेच असायची. बाजार मोकळा पडला की पोरं तिथे क्रिकेट खेळायची, गुरं बसायची, पण वीट कोणी हलवत नसे. सासूची वीट सुनेकडे यायची. मासोळीवालीकडे तिच्या आजीचा दगड होता.

आमची वीट जुन्या घडणीची, जाड, एक कोपरा उडालेली. ती पूर्वी चिंचेखाली नव्हती. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, वेळेपासून रस्त्याकडची रांग व्यापाऱ्यांची, मधली रांग गावातल्या माळ्या-तेल्यांची आणि आमच्या लोकांची जागा शेवटी, नालीच्या काठावर. सासूबाई नव्या लग्न होऊन आल्या तेव्हा दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. घरात बुद्धाचा फोटो आला होता, पण बाजारातली वीट नालीवरच होती. एका बाजाराला सासूबाईंनी ती उचलली, चालत मध्ये आल्या आणि चिंचेखाली ठेवून तिच्यामागे बसल्या. कोणी म्हणालं, ही कोण आली. कोणी म्हणालं, उठवा तिले. शेजारी एक म्हातारी तेलीण बसायची. तिने आपली टोपली हातभर सरकवली आणि म्हणाली, "बस वो पोरी. ऊन सगळ्याइले सारखंच लागते." एवढंच झालं. सासूबाई बसल्या त्या बसल्या. माझ्या हातात वीट आली ती तिथूनच.

आता सासूबाईंना नीट दिसत नाही. खाटेवर बसून त्या घर चालवतात.

मध्यंतरी बाजाराच्या जागेवरून राजकारण सुरू झालं. एका पार्टीला तिथे मजल्याची दुकानं बांधायची होती. दुसरी पार्टी म्हणाली, बांधू देणार नाही. मालगुजाराचा नातू नागपूरहून आला आणि जागा आमचीच म्हणाला. मग कमेटीने, म्हणजे नगरपालिकेने, जुने कागद काढले, तर कागदावर आमचा बाजार झुडपी जंगल निघाला. मालगुजारी गेली तेव्हा सरकारने जे पडीक दिसलं ते त्या नावाने लिहून टाकलं होतं म्हणे. जंगल म्हटल्यावर पक्की दुकानं बांधायला वरून परवानगी लागते, आणि ती काही येईना. इतकी वर्षं मी जंगलात बसून कोचई विकत होते, मला पत्ता नव्हता.

"जंगल हाय त मंग वाघ काऊन नाई येत?" मी हळूच मासोळीवालीला विचारलं.

"येते ना. दर बाजाराले येते, पावत्या फाडाले."

कमेटीचा वसुलीचा बाबू पलीकडे उभाच होता. तो हसला, पण पैसे पूर्ण घेतले.

शेवटी इलेक्शन जवळ आलं तेव्हा दोन्ही पार्ट्यांचं एकावर जमलं. दुकानं नाहीत, नुसते ओटे बांधायचे आणि वर पत्रे टाकायचे. चिंच मात्र तोडता येईना, जंगलातलं झाड ना ते. मग तिला मध्ये ठेवून बाजूने ओटे घातले. बांधकाम सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या विटा उचलून नेल्या. मीही आमची घरी आणली आणि पाण्याच्या माठाला टेकू म्हणून लावली.

ओटा पाहिजे असेल तर पाच हजार रुपये अनामत भरायची होती. आमचे हे राईस मिलमध्ये पोती वाहतात, घरात एवढे पैसे एकरकमी नसतात. बचत गटातून घेतले, दर आठवड्याला फेडायच्या बोलीने. नंबर मात्र चिठ्ठीने. कोणावर अन्याय नको म्हणून चिठ्ठी, असं नगरसेवक माईकवर म्हणाले. टाळ्याही झाल्या, मीही वाजवल्या. मग माझी चिठ्ठी निघाली. सगळ्यात शेवटचा ओटा, नालीच्या काठावरचा.

सासूबाईंनी जिथून वीट उचलली होती, तीच जागा. चिठ्ठीला काय कळतं. पण मला कळत होतं. चिंचेखालचा ओटा मूल गावाकडून टेम्पोने कांदे-बटाटे आणणाऱ्या भाऊला लागला. मासोळीवाली पार दुसऱ्या टोकाला गेली. अदलाबदल करायची नाही, केली तर अनामत बुडेल, असं बाबूने वाचून दाखवलं. माझ्याकडून कोण बोलणार होतं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "भेटली का वो जागा?"

"भेटली माय," मी म्हटलं, आणि चुलीकडे गेले.

पहिल्या बाजाराला मी नालीवर बसले. ओटा चांगला होता, गुळगुळीत, वर पत्रा, मागे नालीच्या काठाने झालेला नवा रस्ता. पण जुनी गिऱ्हाइकं चिंचेकडे जाऊन कांदेवाल्याला विचारायची, ते वास्तेवाली बाई कुठी गेली. तो म्हणायचा, मले काय माहीत. माझ्यासाठी ओरडणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी अर्धी कोचई सुकून परत आली. गटाचा हप्ता मी घरच्या डब्यातून भरला.

तीन-चार बाजार असेच गेले. मग एक दिवस सासूबाई पाणी घ्यायला चाचपडत माठाशी गेल्या. पायाला वीट लागली. वाकून त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, उडालेला कोपरा चाचपला आणि तिथेच बसल्या.

"ही घरी काय करून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. नाली म्हटल्यावर त्यांनी वीट मांडीवर ओढून घेतली. मला वाटलं रडतील. तर म्हणाल्या, "येत्या बाजाराले मले ऑटोत बसव. लुगडं मात्र धुतलेलं काढ, ते निळ्या काठाचं."

मी नको नको म्हणत राहिले. आमचे हे म्हणाले, "तिनं एकदा ठरवलं ना, मंग कमेटीच्या बापाचं नाई चालत." आणि ऑटो सांगून आले.

सासूबाई मांडीवर वीट घेऊन बाजारात उतरल्या. मी हात धरून चिंचेपाशी नेलं. कांदेवाल्याच्या ओट्याला लागून झाडाची मुळं वर आली होती. त्यांनी तिथे वीट ठेवली आणि मागे बसल्या, खोडाला पाठ टेकून. मी कोचईची टोपली पुढे ठेवली. माझे कान गरम झाले होते.

कांदेवाला खाली वाकला. "आजी, हा माह्या नंबरचा ओटा हाय."

"तुह्या ओट्यावर बसली का मी? मी झाडाखाली बसून राह्यली. तू वर बस, मी खाली बसतो. तुले काही तरास?"

तेवढ्यात मासोळीवाली दुसऱ्या टोकावरून पदर खोचत आली, मागे आणखी दोघी-तिघी. गर्दी दिसली तसा वसुलीचा बाबूही आला.

"आजी, इथी बसता येत नाई. ओट्यावरच बसा लागते. हे कमेटीची जागा होय."

सासूबाई माझ्याकडे तोंड वळवून थांबल्या. त्यांना दिसत नव्हतं, पण मी कुठे उभी आहे ते माहीत होतं. सगळेच माझ्याकडे पाहू लागले. मी का बोलले ते मला अजून सांगता येत नाही. पायाच्या बोटांकडे पाहत म्हटलं, "भाऊ, ओटे कमेटीचे. चिंच त जंगलातली हाय ना. तुमच्याच कमेटीनं कागद काढला होता."

मग मासोळीवाली अशी हसली की पलीकडचा कुत्रा उठून गेला. "घ्या. बाईले बोलता येते. बाबू, तुमचं जंगल तुमच्यावरच आलं." बाबूलाही हसू आवरेना, पण तो म्हणाला, हसण्यावारी नेऊ नका, वरून कोणी आलं तर मला बोलणी बसतील. तेही खरं होतं. त्याची नोकरी होती.

तेव्हा कांदेवाला हळूच म्हणाला, "बाई, तुमचा नालीवरचा ओटा नव्या रस्त्याले लागून हाय का?"

"हाव."

"म्हणजे टेम्पो डायरेक्ट ओट्याले लागते?"

"लागते."

तो कपाळाला हात लावून बसला. "बाप्पा. मी इथी दर बाजाराले पोते खांद्यावर आणून राह्यलो. फांदीखालून टेम्पो येत नाई. मले वाटलं, तुमची चांगली सोय झाली रस्त्यावर, तुम्ही कायले सोडसान. म्हणून विचारलं नाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याचा खांदा सोलला होता. मला वाटत होतं तो सुखात आहे, त्याला वाटत होतं मी सुखात आहे, आणि दोघं आपापल्या ओट्यावर तोंड पाडून बसलो होतो.

"अदलाबदल नाई चालत," बाबू म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"अदलाबदल कोण करते?" मासोळीवाली म्हणाली. "नंबर ज्याचा त्याचा. हा भाऊ चहा प्यायले रस्त्याकडे जाते आणि तिथीच बसते. ही बाई सावलीले इथी बसते. तुम्ही आपली पावती फाडा, नंबर बोला, आम्ही हाव म्हणतो."

बाबूने पेन कानावर ठेवलं आणि आकाशाकडे पाहिलं. मग पुढच्या ओट्याकडे निघून गेला. त्याच संध्याकाळी कांदे रस्त्याकडे गेले आणि मी चिंचेखालच्या ओट्यावर चढले. सासूबाईंनी वीट ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवून घेतली. सिमेंटच्या ओट्यावर विटेचं काही काम नव्हतं. पण त्या म्हणाल्या, राहू दे.

पुढच्या बाजाराला मासोळीवाली माझ्या शेजारी आली. तिच्या जागी कोण गेलं ते तिने आधीच जुळवून ठेवलं होतं. एकीचं पाहून दुसरी हलली. पाऊस लागेपर्यंत सगळा बाजार जुन्या जागी येऊन बसला, नंबर मात्र ज्याचे त्याच्याकडे. बाबू चिंचेखाली उभा राहून शेवटच्या ओट्याचा नंबर बोलतो, मी इथून हाव म्हणते, तो पावती देतो. एकदा मला म्हणाला, "बाई, कागदावर हे जंगल होतं तवाबी बाजारच भरत होता. चालून राह्यलं ते चालू द्या."

इलेक्शनच्या आधी बाजाराच्या तोंडाशी मोठा बॅनर लागला. त्यावर नगरसेवक हात जोडून उभे होते आणि खाली लिहिलं होतं की त्यांनी बाजारातल्या भगिनींना त्यांची हक्काची जागा मिळवून दिली. नातीने मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. आम्हाले माहीतच नव्हतं." इलेक्शन झाल्यावर मासोळीवालीने तो बॅनर मागून घेतला. पावसाचं तिरपं पाणी आता त्यावरच अडतं, आमच्या दोघींच्या ओट्यामागे.

मी अजून ओरडत नाही. पण कोणी भाव विचारला तर वर पाहून सांगते.

हप्ते चालूच होते. कधी कोचईतून, कधी शेंगांतून. श्रावणात भावाने पोतं पाठवलं आणि वास्त्यांच्या वर टोपलीभर सात्या निघाल्या, अजून माती लागलेल्या. दुपारच्या आत संपल्या. आज बाजार उठल्यावर चिंचेखालीच गटाची बैठक होती. मी नोटा दिल्या. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या मासोळीवालीने त्या दोनदा मोजल्या, आता त्यांना मासोळीचा वास लागला असेल, आणि म्हणाली, "झाले बाई. तुह्याकडं आता काही बाकी नाई."

घरी आले तर सासूबाई खाटेवर जाग्याच होत्या. विचारलं, "वीट?"

"जागेवर हाय."

"आणि पैशे?"

"फिटले माय. सगळेच्या सगळे."