धावपट्टीवरची पाटी

हे मी अजून कुणाजवळच बोललो नाही. वर्ध्याला पिपरी मेघे भागातल्या खोलीवर सोबत राहणाऱ्या मित्राजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना स्वतःची किळस येतेय.

रोहणा गावाच्या पलीकडे, आमच्या गावामागच्या टेकडीवर एक जुनी धावपट्टी आहे. कपाशीवर औषध फवारणारी छोटी विमानं तिथे उतरायची. आता लोक तिच्यावर तूर वाळवतात, पोरं मोटारसायकल शिकतात.

त्या जागी आधी वस्ती होती — आमचीच. मोठीमाय, म्हणजे माझी थोरली काकू, लग्न होऊन तिथेच आली. पुढे धावपट्टीसाठी सगळ्यांना उठवलं. तिने चुलीचे तीन दगड डोक्यावरून खाली आणले. आमचं आंघोळीचं पाणी अजून त्यावरच तापतं. गावात आम्हाला ‘टेकडीवाले’ म्हणतात. मानाने नाही.

वर्ध्याच्या कॉलेजात इतिहासाचा प्रकल्प होता. मोठीमायने मला सगळं सांगितलं — कोणाचं घर कुठे, बोरीचं झाड कुठे. आणि मी काय लिहिलं? ‘पूर्वी येथे कोणीही राहत नव्हते.’ नजरचूक होती? नाही. वर्गासमोर वाचायचं होतं, आणि तो ‘टेकडीवाले’ शब्द वर्ध्यापर्यंत यायला नको होता. एवढंच.

सरांनी कौतुक केलं, मजकूर आमच्या ग्रामपंचायतीला पाठवला. गावाने माझाच मजकूर रंगवून धावपट्टीच्या तोंडाशी पाटी लावली.

मोठीमाय मला वर घेऊन गेली. तिला वाचता येत नाही.

“वाच बरं, बाबू. आपल्या वस्तीचं लिवलं ना?”

“हो.”

“अन् चुलीचं?”

मी पाटीकडे बघत वाचलं — घरं, बोरीचं झाड, तीन दगड. एकदाही अडखळलो नाही. त्यातलं एकही अक्षर पाटीवर नव्हतं.

“तू शिकला म्हून बरं झालं,” ती म्हणाली, “नाई तं कोनं लिवलं असतं?” आणि पदराने पाटी पुसली.

मग दिवाळीत तिची जाम गावची बहीण आली, चौथीतल्या नातीला घेऊन. मोठीमायने दोघींना मुद्दाम वर नेलं. पोरगी बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली — “पूर्वी येथे कोणीही राहत...”

मी काय केलं असेल? हसलो. म्हणालो, “हिले अजून नीट वाचता येत नाई.”

“शाळेत काही शिकवत नाई काय वं तुले?” मोठीमाय तिला म्हणाली.

पोरीने बोट मागे घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती बरोबर वाचत होती.