डाळ भरायला आलेली बाई
तुरीच्या डाळीचं नवं पोतं उसवलं की त्या कोरड्या, घशाला लागणाऱ्या वासानं मला लातूरची एक दुपार आठवते. मुलीच्या क्लाससाठी आम्ही दोघी हिमायतनगरहून येऊन एका खोलीत राहत होतो. गावाहून एस.टी.नं येणारं पीठ नवऱ्याच्या आजारपणामुळं दोन आठवडे आलं नव्हतं. जवळच्या मंगल कार्यालयात दर शुक्रवारी गरिबांना, म्हाताऱ्यांना धान्य वाटत. चारचौघांत लाज नको म्हणून मी ठेवणीतली साडी नेसून गेले. दारातल्या बाई म्हणाल्या, "मदतीला आलात का? बरं झालं. ही डाळ भरा," आणि माझ्या हातात मापच दिलं. पत्र्याखालच्या उकाड्यात मी तीन तास लोकांच्या पिशव्या भरत राहिले. एक म्हातारी खाला म्हणाली, "बेटी, तुझ्या हातात लई बरकत हाय." प्रत्येक पिशवीला वाटायचं, आता सांगावं, आणि प्रत्येक पिशवीनंतर ते आणखी अवघड व्हायचं. शेवटी रिकामी पोती झटकली. बाईंनी चहा दिला, "पुढच्या शुक्रवारी या," म्हणाल्या. मी हो म्हणाले. खोलीवर मुलीनं विचारलं, "मिळालं का गं?" "संपलं होतं," मी म्हणाले. ती पुस्तकातून वर न बघता बोलली, "मला भूक न्हाई. मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लंय." ती खोटं बोलतेय हे मला कळलं. ती आता दोन लेकरांची आई आहे, पण त्या दुपारचं खरं आम्ही अजून एकमेकींना सांगितलेलं नाही.